सुचण्याची तालीम

मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायच्या असं विसाव्या शतकाच्या तोंडावर ठरू लागलं, आणि कुलाब्याच्या वेधशाळेपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजदाद चालू होती. विजेच्या ट्रामला पुरवलेला प्रवाह रुळांतून माघारी जातो, आणि जाताना त्यातला काही जमिनीत झिरपतो. जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व आलंच. म्हणजे वेधशाळेतली नाजूक सुई हलली, तर ती सूर्यावरच्या उलथापालथीमुळे हलली की कुलाब्याच्या वळणावरून ट्राम गेली म्हणून, हे सांगायला कोणताच मार्ग उरणार नव्हता.

अशा वेळी पहिल्या फटक्यात काय सुचतं, ते वाचकाने क्षणभर थांबून स्वतःच पाहावं. ट्रामला विरोध करा. रूळ दुसऱ्या रस्त्याने न्या. उपकरणांभोवती काहीतरी आडोसा उभारा. ट्राम रात्री बंद झाल्या की मोजा. या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वेधशाळा कुलाब्यालाच राहणार, आणि भांडण काय ते ट्रामशी.

तेव्हाचे संचालक होते नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस. १८९६ मध्ये ते या पदावर आले. वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. त्यांच्या काळात जो मार्ग निघाला, त्यात ट्राम हा मुद्दाच बाजूला पडला. साठ वर्षांच्या मोजदादीत मोलाचं होतं काय? कुलाब्याची जागा नव्हे, इमारतही नव्हे. मोलाची होती ती न तुटलेली नोंद. एकदा हे कळलं की जागेचा हट्ट उरत नाही. खाडीपलीकडे, मुंबईपासून साधारण ३० किलोमीटरवर अलिबाग होतं. तिथे ट्राम नव्हती, वीज नव्हती, आणि ती लवकर येण्याची चिन्हंही नव्हती. १९०४ मध्ये अलिबागची चुंबकीय वेधशाळा उभी राहिली.

पण नुसतं सामान उचलून पलीकडे नेलं असतं, तर नोंद तुटलीच असती, कारण दोन ठिकाणचं चुंबकीय क्षेत्र तंतोतंत सारखं नसतं. म्हणून १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी झाली. त्यातून दोन्ही जागांमधला फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता आली. मग कुलाब्याची चुंबकीय मोजणी बंद करण्यात आली. मुंबईत विजेवरची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली, तोवर काम उरकलेलं होतं.

इमारतीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कोकणातला काळा दगड हा ज्वालामुखीतून आलेला. त्यात लोहखनिजाचे कण असतात आणि तो स्वतःच थोडाफार चुंबकासारखा वागतो. हाताशी ढिगाने पडलेला दगड इथे कुचकामी! म्हणून पोरबंदरचा दगड आणला गेला. कड्या-कोयंडे, बिजागऱ्या यांत लोखंड टाळून तांबं आणि पितळ वापरलं. उपकरणांना तापमानातले चढउतारही चालत नाहीत, तेव्हा खोलीतली हवा वर्षभर फार बदलणार नाही अशी बांधणी केली.

हा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर पुढे शंभर वर्षांनी मिळालं. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या एका प्रचंड वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरलं होतं. कुलाब्याच्या वहीत त्या वेळी सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपलेली आहे. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह ही जुनी नोंद पुन्हा तपासली आणि ती जगभर गाजली. या संस्थेचं मुख्यालय आज रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे. १८५९ च्या वादळाशी आजच्या वादळाची तुलना करता येते, कारण मधली साखळी अलिबागने तुटू दिली नाही.

ही कथा मी इतकी सविस्तर सांगितली, कारण ‘कल्पकता’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकदम चमकलेली वीज, जन्मजात प्रतिभा असलं काहीतरी येतं. अलिबागच्या वेधशाळेत असं चमकदार काही नाही. कुणीतरी प्रश्न नीट उलटून पाहिला, एवढंच. आणि उलटून पाहण्याची सवय लावून घेता येते.

याच किनाऱ्यावर, मुरूडसमोरच्या समुद्रात, प्रश्न उलटल्याचा त्याहून जुना पुरावा उभा आहे. सिद्दींचा जंजिरा किल्ला मराठ्यांना घेता येत नव्हता. चहूबाजूंनी पाणी, भक्कम तट, तटावर तोफा. ‘आत कसं शिरायचं’ या प्रश्नाला समाधानकारक उत्तर सापडत नव्हतं. तेव्हा शिवाजी महाराजांनी जवळच्याच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. राजपुरीच्या (म्हणजे जंजिऱ्याच्या) उरावर दुसरी राजपुरी बसवली, अशा आशयाचा उल्लेख महाराजांच्या १६७५ च्या एका पत्रात येतो. आत जाता येत नाही, ठीक; पण आतल्यांना मोकळेपणी बाहेर पडू द्यायचं नाही, हे तर करता येईल? प्रश्नातलं क्रियापद बदललं आणि एक किल्ला उभा राहिला.

घरच्या घरी ही तालीम करायला कागद-पेन्सिल पुरे. अडचण एका वाक्यात लिहायची, आणि मग तीच अडचण निदान पाच वेगळ्या वाक्यांत मांडायची, प्रत्येक वेळी क्रियापद बदलून. अलिबागजवळ नागाव-किहीमकडे पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांचं उदाहरण घ्या. शनिवार-रविवार गर्दी, बाकी दिवस शुकशुकाट. ‘मधल्या वारी पर्यटक कसे आणायचे?’ हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि सगळ्यांना ‘दर कमी करा’ हेच उत्तर मिळतं. ‘मधल्या वारी या खोल्यांची कुणाला गरज असते?’ असं विचारलं की बदलीवर आलेले शिक्षक, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, बांधकामावर देखरेखीला आलेले इंजिनिअर दिसू लागतात. ‘मधल्या वारी खोल्यांचा खर्च कसा घटेल?’ हा तिसराच रस्ता. पहिली दोन वाक्यं पटकन लिहून होतात. तिसऱ्या-चौथ्याला कंटाळा येतो. तिथे थांबू नये, खरी मजा त्याच्या पुढेच आहे.

दुसरी सवय वजाबाकीची. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीच्या वेळी चालत जाता येतं, त्यामुळे तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण तटाकडे निरखून पाहणारे कमी. १६८० च्या सुमारास बांधलेल्या या किल्ल्याच्या समुद्राकडच्या तटात मोठमोठे दगड एकमेकांवर नुसते रचलेले दिसतात. मध्ये चुना नाही. लाट आपटते, तिचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिथेच तिचा जोर विरतो. सगळा मारा एका अखंड भिंतीने छातीवर घ्यावा लागत नाही. लाटांनी भिंत खचू नये म्हणून आपण काय केलं असतं? आणखी चुना, आणखी जाड भिंत, आणखी एखादा थर.

आपण भर घालायला का धावतो, यावर अलीकडे एक सुरेख प्रयोग झाला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. प्लास्टिकच्या ठोकळ्यांची एक छोटी इमारत, तिचं छत एका कोपऱ्यातल्या एकाच ठोकळ्यावर तोललेलं. छत पक्कं करायचं. नवा ठोकळा लावला तर त्याचे पैसे पडतील. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तो कोपऱ्यातला ठोकळा काढून टाकायचा, की छत सरळ खालच्या भागावर बसतं. हे सुचलं १०० पैकी ४१ जणांना. ‘ठोकळा काढायला पैसे पडणार नाहीत’ एवढं एक वाक्य आधी सांगितलं, तर ६१ जणांना. वजाबाकी आपल्याला जमत नाही असं नाही, ती आठवत नाही. कोणताही नवा उपाय लिहिण्याआधी ‘इथून काय काढता येईल?’ हे वहीच्या माथ्यावर लिहून ठेवावं. मूसांच्या वेधशाळेतही लोखंड काढण्याचंच काम मोठं होतं.

मात्र वजाबाकीचाही मंत्र करून घेऊ नये. पद्मदुर्गाचा तट पाहिला की हा धडा आपोआप मिळतो. तिथे दगडांमध्ये चुना भरलेला आहे, आणि खाऱ्या वाऱ्यापाण्याने दगड आत झिजत गेले तरी चुन्याच्या रेषा अजून जाळीसारख्या पुढे उभ्या आहेत. एकाच किनाऱ्यावर, एकाच काळात, एकाच समुद्रापुढे दोन उलट उत्तरं, आणि दोन्ही साडेतीनशे वर्षं टिकलेली. ‘कल्पकतेची दहा सूत्रं’ छापाच्या पुस्तकांवर माझा विश्वास बसत नाही, त्याचं हे एक कारण.

खारेपाटात गेलं की आणखी एक पद्धत दिसते. अलिबाग-पेणच्या खाडीकाठी समुद्राचं पाणी अडवून भातशेती होते. बांधामुळे भरतीचं पाणी बाहेर राहतं खरं, पण पावसाळ्यात आत साचलेलं पाणी बाहेर कसं घालवायचं? बांधाला भोक पाडावं तर भरतीला त्याच वाटेने खारं पाणी आत. उत्तर म्हणजे उघाडी. बांधातल्या या दारांची झडप बाहेरच्या अंगाला उघडते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब ती ढकलून उघडतो, भरती आली की बाहेरचं पाणीच ती दाबून बंद करतं. दिवसातून दोनदा दार उघडायला आणि लावायला माणूस लागत नाही. ज्याच्याशी भांडण, त्यालाच कामाला लावलं.

गेन्रिख आल्टशुलर या सोव्हिएत अभियंत्याने १९४६ पासून हजारो पेटंटं चाळून शोधांमागची समान सूत्रं गोळा करायला सुरुवात केली. त्याच्या चाळीस सूत्रांत ‘अपायाचा उपाय करा’ असं एक आहे. त्याने कधी खारेपाटातली उघाडी पाहिली नसणार. पण त्याचं मुख्य म्हणणं इथे चपखल बसतं. चांगल्या शोधाच्या मुळाशी बहुतेकदा एक विरोध असतो. बांधाला भोक हवंही आणि नकोही. सामान्य माणूस अशा वेळी तडजोड करतो, लहानसं भोक पाडतो. कल्पक माणूस विचारतो, हवं कधी आणि नको कधी? ओहोटीला हवं, भरतीला नको. वेळ वेगळी केली की विरोध संपला. आपल्या अडचणीत ‘हवंही आणि नकोही’ असं काय आहे, हे शोधून एका वाक्यात मांडणं हा मला माहीत असलेला सगळ्यात फलदायी व्यायाम आहे, आणि सगळ्यात अवघडही.

वस्तूंकडे पाहण्याची नजरही अशीच कमवावी लागते. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध प्रयोगात माणसाला मेणबत्ती, काड्या आणि टाचण्यांनी भरलेली डबी दिली जाते. मेणबत्ती भिंतीवर उभी करायची. डबी रिकामी करून भिंतीला टोचली की झाली बैठक. पण डबीत टाचण्या असल्या की ती आपल्याला ‘टाचण्यांची डबी’च दिसते; टाचण्या बाहेर काढून डबी रिकामी ठेवली, तर जास्त लोकांना उत्तर सापडतं. कोळीवाड्यात फिरताना हा आंधळेपणा कमी आढळतो. फाटकं जाळं तिथे वाळत घातलेल्या मासळीवर कावळ्यांसाठी पडतं, परसातल्या भाजीला कुंपण होतं, गणपतीत मंडपाला लागतं. जाळं म्हणजे मासे पकडण्याचं साधन, ही त्याची एक ओळख झाली. दोरीची वीण, हलकी, न कुजणारी, वारा जाऊ देणारी, ही दुसरी. वस्तूचं नाव बाजूला ठेवून तिचे गुण लिहून काढायचे, इतकाच हा सराव.

आता सुचण्याच्या क्षणाबद्दल. ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ मध्ये विचार कसा घडतो याचे चार टप्पे मांडले. आधी तयारी, मग विषय मनाच्या तळाशी मुरू देणं, मग उजेड पडणं, आणि शेवटी पडताळा. गणिती आंरी प्वांकारेचा अनुभव त्याच्यासमोर होता. कित्येक दिवस डोकं आपटूनही न सुटलेल्या गणिताची किल्ली प्वांकारेला सापडली ती सहलीला गेला असताना, घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना. हा किस्सा सगळ्यांना आवडतो. त्यातले आधीचे कित्येक दिवस मात्र लोक सोयीस्करपणे विसरतात.

तयारी म्हणजे काय, ते खांदेरीला दिसतं. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मराठ्यांच्या मायनाक भंडारीने थळसमोरच्या या बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. मुंबईच्या इंग्रजांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी कॅप्टन केग्विनच्या हाताखाली जहाजं पाठवली, जंजिऱ्याचा सिद्दीही त्यांच्या मदतीला आला. समोरासमोरच्या तोफमाऱ्यात इंग्रजांची मोठी गलबतं भारी. पण बेट राखायला लढाई जिंकण्याची गरजच नव्हती. रसद आणि माणसं पोचत राहिली की झालं. मराठ्यांच्या छोट्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या रात्री, वारा पडलेला असताना, खडकाळ उथळ पाण्यातून जा-ये करत राहिल्या. जिथे शिडाच्या मोठ्या जहाजाला वाराही लागतो आणि खोलीही, तिथे ते हतबल. १८ ऑक्टोबर १६७९ च्या चकमकीत तर इंग्रजांचं ‘डव्ह’ नावाचं गुराब मराठ्यांच्या हाती लागलं. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. ही युक्ती कागदावर एका ओळीची. पण कुठल्या खडकावर किती पाणी, उधाणाला काय होतं, भांगाच्या दिवसांत होडी कुठून निघते, वारा किती वाजता पडतो, हे ज्याला पाठ आहे त्यालाच ती सुचते. रिकाम्या डोक्यात कल्पना येत नाहीत. मन मोकळं सोडण्याआधी ते भरलेलं हवं.

भरल्यावर मात्र सोडावं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की बसून विचार करण्यापेक्षा चालताना माणसाला वस्तूंचे नवे उपयोग जास्त सुचतात, आणि चालून येऊन बसल्यावरही तो परिणाम काही काळ टिकतो. अलिबागकरांनी आपल्या किनाऱ्याची फुशारकी मारू नये; कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालणाऱ्यांनाही फायदा झालाच. आणखी एक गोष्ट त्याच प्रयोगात होती. ज्या कोड्यांना एकच बरोबर उत्तर असतं, त्यांत चालण्याने काही लाभ झाला नाही, उलट किंचित तोटाच झाला. तेव्हा कल्पना चालता चालता जमवाव्यात. त्यातली कोणती खरी, हे टेबलाशी बसून ठरवावं.

आणि बहुतेक कल्पना फसतात. जंजिऱ्याला रात्री शिड्या लावण्याचं धाडस लाय पाटील या कोळी शिलेदाराने केलं. शिड्या लागल्या, पण वर चढायची कुमक ठरल्या वेळी पोचली नाही आणि पहाटेपूर्वी शिड्या काढून घ्याव्या लागल्या, असं सांगितलं जातं. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत दगड टाकून वाटच बांधायला घेतली. समुद्रातल्या किल्ल्याला जमिनीवरचा किल्ला करून टाकायचा, केवढी झेप! मोगली फौजांचा दाब वाढला आणि ते काम सोडावं लागलं. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत सिद्दींकडेच राहिलं. या दोन्ही कल्पना वाईट नव्हत्या. एक वेळेने फसली, दुसरी परिस्थितीने. फसलेली कल्पना कशाने फसली हे लिहून ठेवणारा माणूस विरळा, आणि दुसऱ्यांदा त्यालाच लवकर सुचतं.

लाय पाटलांच्या गोष्टीत कुमक वेळेवर पोचली नाही. आपल्या सभा-बैठकांत उलट होतं, एकाची कल्पना सगळ्यांपर्यंत फार लवकर पोचते. सगळ्यांनी एकत्र बसून, टीका न करता, सुचेल ते बोलावं, ही पद्धत अॅलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकी जाहिरात व्यावसायिकाने १९५३ च्या पुस्तकातून जगभर लोकप्रिय केली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ती तपासली गेली. चौघांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढल्या, त्याच्या जवळपास दुप्पट कल्पना वेगवेगळ्या बसवलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर निघाल्या, तेही सारख्या कल्पना एकदाच मोजून. कारणं आपल्या ओळखीची आहेत. एक बोलत असताना बाकीचे थांबतात, वडीलधाऱ्यापुढे धाकटा गप्प बसतो, आणि पहिला जे बोलतो त्याच्याच आसपास सगळ्यांचं डोकं घुटमळतं. गावकीत तर पहिला कोण बोलणार हेही ठरलेलं असतं!

तेव्हा पुढच्या वेळी गावाच्या, सोसायटीच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत नळाच्या पाण्याचा, कचऱ्याचा नाहीतर पार्किंगचा प्रश्न निघाला, तर अध्यक्षांनी तोंड उघडण्याआधी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या. दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, त्यात एक तरी उपाय काहीतरी काढून टाकण्याचा असला पाहिजे अशी अट घाला, आणि चिठ्ठ्या नाव न घेता मोठ्याने वाचा. अध्यक्षांची चिठ्ठी सगळ्यांत शेवटी.